थायरॉइडची गोळी संपते तेव्हा

काही औषधे अशी असतात की ती लिहून देताना डॉक्टरचा हात आपोआप चालतो. थायरॉइडची गोळी त्यांपैकीच एक. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, किंमत माफक, मात्रा बरोबर असेल तर दुष्परिणाम जवळजवळ नाहीत. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, एवढीच काय ती अट. (गोळीनंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही, हे पथ्य आम्हा इंदूरकरांना सर्वांत जाचक वाटते, हा भाग वेगळा!) अशा गोळीचा कधी तुटवडा पडेल, आणि तो निस्तरताना आपलेच एक वाक्य आपल्याला गोत्यात आणील, असे तीस वर्षांच्या व्यवसायात माझ्या मनात कधी आले नव्हते. स्मरणिकेसाठी लिहिण्याचा आग्रह झाला, तेव्हा तोच अनुभव सांगावा असे ठरविले.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. आमच्या शहरात तर संचारबंदीच होती. पहिल्या आठवड्यात दवाखान्याचा फोन वाजत होता तो ताप-खोकल्यासाठी. दुसऱ्या आठवड्यापासून त्यात एक नवा सूर मिसळला. "डॉक्टरसाहेब, थायरॉइडची बाटली संपत आली, दुकानात मिळत नाही." ट्रक अडकलेले, कारखान्यांत कामगार नाहीत, आणि ज्यांना आधी सुगावा लागला त्यांनी घरात तीन-तीन बाटल्या आणून ठेवलेल्या. आपल्याकडे ही गोळी बहुधा शंभर किंवा एकशेवीसच्या बाटलीत येते. म्हणजे एका घरी वर्षभराचा साठा आणि शेजारच्या घरी शेवटच्या चार गोळ्या, असे चित्र सहज निर्माण होते.

गोळी बाजारातून अजिबात नाहीशी झाली होती असे मात्र नव्हे. आमच्या भागातील औषधविक्रेत्याकडे २५ ची होती, १०० ची होती. ५० आणि ७५ ची नव्हती. येथे आपले शरीरशास्त्र मदतीला येते. थायरॉक्सिनचे अर्धायुष्य साधारण सात दिवसांचे असल्यामुळे रोजच्या मात्रेपेक्षा आठवड्याची बेरीज महत्त्वाची. ७५ घेणाऱ्याची आठवड्याची गरज ५२५. ती रोज २५ च्या तीन गोळ्यांनी भागते, किंवा पाच दिवस १०० ची एक, सहाव्या दिवशी २५ ची एक आणि सातव्या दिवशी सुटी, अशीही भागते. ५० वाल्यांना एक दिवसाआड १०० ची. (हृदयविकार असलेल्या वयस्करांना मात्र अशी एकदम मोठी मात्रा मी दिली नाही, त्यांच्यासाठी २५ च्या दोन.) ही बेरीज-वजाबाकी फोनवर समजावता समजावता मी पुरता शाळामास्तर झालो होतो. योगायोगाने २५ मार्चलाच दूरवैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली होती, त्यामुळे जुन्या रुग्णाला फोनवरून औषध लिहून देण्याला निदान आधार तरी होता.

तरीही फोन थांबेनात. एका दुपारी, बहुधा पस्तिसाव्या फोनला, मी वैतागून म्हणालो, "अहो, पंधरा दिवस ही गोळी नाही घेतली तरी काही बिघडत नाही!"

वाक्य खोटे नव्हते. इन्शुलिनवर जगणाऱ्या रुग्णाचे औषध तुटले तर संकट एक-दोन दिवसांत उभे राहते. ॲड्रिनल निकामी झालेल्याचे स्टिरॉइड तुटले तरी तसेच. थायरॉक्सिनचे तसे नाही. गोळी थांबल्यावर एका आठवड्याने निम्मे औषध शरीरात शिल्लक असते, दोन आठवड्यांनी पाव. टीएसएच सावकाश चढतो, रुग्णाला सुस्ती जाणवू लागेतो बरेचदा तीन-चार आठवडे उलटतात. सामान्य प्रौढ रुग्णाला धीर देण्यासाठी याहून चांगले वाक्य नाही. माझी चूक एवढीच की, हे वाक्य ज्याच्यासाठी होते त्याच्यापाशी ते थांबणार नाही, हे मी विसरलो. दोन दिवसांत ते माझ्या नावासह मोबाइलवरून घरोघरी पोहोचले होते.

एप्रिलच्या शेवटी एका जुन्या परिचित घरातून फोन आला. आजी अडुसष्ट वर्षांच्या, हृदयाला रक्तपुरवठा कमी, थायरॉइडसाठी कित्येक वर्षे ५० ची गोळी. तक्रार अशी की तीन आठवडे छातीत धडधड होते आहे, झोप लागत नाही. मी सवयीने विचारले, "गोळी कोणती चालू आहे?"

"सूनबाईची. माझी संपली, म्हणून तिनं स्वतःची बाटली मला दिली."

"तिची किती पॉवरची?"

"पंचाहत्तर म्हणे."

"आणि ती काय घेते?"

"ती काही नाही घेत. तुम्हीच सांगितलंत ना, नाही घेतली तरी चालतं म्हणून? आणि तिला तसंही सध्या काही पोटात ठरत नाही. दिवस गेलेत तिला."

क्षणभर मी काहीच बोललो नाही. वडीलधाऱ्यांचे औषध आधी, आपले नंतर, या संस्काराने त्या मुलीने बाटली दिली होती. आणि त्यामागे भरवसा होता तो माझ्या वाक्याचा. वास्तविक हिशेब नेमका उलटा हवा होता. आजी दोन आठवडे गोळीवाचून आरामात थांबू शकल्या असत्या. उलट वाढीव मात्रेने त्यांच्याच हृदयावर ताण पडत होता. थांबता येण्यासारखे नव्हते ते सुनेला. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम करू लागते, आणि त्यानंतरही कित्येक आठवडे ती अपुरीच असते. तोपर्यंत त्याच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारे थायरॉक्सिन आईच्या रक्तातून यावे लागते. म्हणूनच गोळीवर असलेल्या स्त्रीला दिवस गेल्याचे कळताच मात्रा पाव ते तीस टक्क्यांनी वाढवायची असते. सातऐवजी आठवड्याला नऊ गोळ्या, हा सोपा हिशेब आपण सर्वजण सांगतो. येथे नवाच्या जागी शून्य झाले होते, आणि तेही तीन आठवडे.

त्याच संध्याकाळी मी औषधविक्रेत्याला गाठले. त्याने कपाटाच्या मागून २५ ची एक बाटली काढली. कोणासाठी ठेवली होती, हे मी विचारले नाही. सुनेला रोज चार, म्हणजे १०० ची मात्रा सुरू केली. आजींना आठवडाभर गोळी बंद आणि नंतर २५ च्या दोन. प्रयोगशाळेचा माणूस घरी जाऊन रक्त घेऊन आला. टीएसएच दहाच्या वर गेलेला होता. सहा आठवड्यांऐवजी चार आठवड्यांनीच तपासणी पुन्हा केली, तेव्हा तो हवा तेवढा खाली आलेला होता.

या प्रसंगानंतर आम्ही आसपासचे तीन डॉक्टर आणि दोन औषधविक्रेते यांनी मिळून एक वही केली. थायरॉइडच्या प्रत्येक रुग्णाचे नाव, मात्रा आणि घरात उरलेल्या गोळ्या. दुसरी बाटली कोणालाही द्यायची नाही. पहिला हक्क जन्मजात थायरॉइडची कमतरता असलेल्या बालकांचा, कारण पहिल्या तीन वर्षांत मेंदूचे जे नुकसान होते ते पुढे भरून येत नाही. त्याच पंक्तीत गर्भवती आणि दिवस राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रिया. मग थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले, ज्यांच्यात ही गोळी टीएसएच दाबून ठेवण्याचेही काम करते. बाकीचे सर्व त्यांच्यामागे. बाटली फोडून तीस-तीस गोळ्या वाटाव्यात असे मी सुचविले, तेव्हा एका औषधविक्रेत्याने मला गप्प केले: "साहेब, उघडी गोळी दमट होते, उजेडानं खराब होते. कागदाच्या पुडीत दिलेली पॉवर महिन्यानं किती राहील, सांगाल?" त्याचे म्हणणे रास्त होते. बाटल्या फोडल्या नाहीत; २५ च्या ज्या थोड्या पट्ट्या आल्या, त्या थोड्या-थोड्या वाटल्या.

रांग लावण्याची ही पद्धत काही आमचा शोध नव्हे. ११ मार्च २०११ च्या भूकंपात फुकुशिमा प्रांतातील इवाकी येथील कारखाना बंद पडला, आणि जपानच्या लक्षात आले की देशातील जवळजवळ सगळे थायरॉक्सिन त्या एकाच ठिकाणी बनत होते. तेथे डॉक्टरांना थोड्याच दिवसांचे औषध लिहून देण्यास सांगण्यात आले, आणि परदेशातून गोळ्या आणाव्या लागल्या. त्याहीपूर्वीचा विचार केला तर हे औषध मिळणे ही मुळातच नवलाची गोष्ट. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या ग्रंथीचा अर्क ज्या बाईंना प्रथम टोचला, त्या पुढे अठ्ठावीस वर्षे जगल्या. तेवढ्या काळात त्यांच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी थायरॉक्सिन प्रयोगशाळेत बनविले, तेव्हा कोठे मेंढ्यांच्या सुटकेची वाट दिसू लागली.

जूनमध्ये वाहतूक सुरळीत झाली आणि ५० आणि ७५ च्या बाटल्या पुन्हा दिसू लागल्या. त्यानंतर दुसरेच काम वाढले. तुटवड्यात ज्यांची कंपनी बदलली, त्या सर्वांचे टीएसएच सहा-आठ आठवड्यांनी पाहावे लागले. काहींच्या मात्रा बदलल्या. एक गृहस्थ तर "बंद केली तरी चालतं" या आधारावर पाच महिने विना गोळी होते. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, नाडी बावन्न. तो माझ्याच वाक्याचा आणखी एक लाभार्थी. तेव्हापासून गोळी थांबवायला सांगितलीच, तर ती पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायची हे मी कागदावर लिहून देतो, आणि फोनवर असेल तर रुग्णाकडून ती तारीख वदवून घेतो.

त्या घरी डिसेंबर २०२० मध्ये मुलगी झाली. जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्तातील टीएसएच व्यवस्थित होता. वजन, रडणे, दूध ओढणे, सर्व ठीक. तीन आठवड्यांचा तो खंड पुढे कोठे डोके वर काढील का, ही शंका मी आई-वडिलांपासून लपविली नाही. मुलगी आता शाळेत जाते, आणि तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मी, निमित्त काही का असेना, तिच्याशी पाच-दहा मिनिटे गप्पा मारून येतो.

आजी मात्र २०२१ च्या जानेवारीत, मुखपट्टी लावून, स्वतः दवाखान्यात आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी ७५ ची ती जुनी बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. "तिची आहे. मी एकवीस घेतल्या," त्या म्हणाल्या. "बाकीच्या मोजून घ्या."

मी खरेच मोजल्या.