चेतकच्या कव्हरला कोणता रंग?

बजाज चेतकच्या उजव्या अंगाला जो पत्र्याचा फुगवटा असतो, त्याच्या आत इंजिन दडलेलं असतं. 1972 साली ही स्कूटर आकुर्डीत बनू लागली. पेट्रोलवरची चेतक बंद होऊनही आता बराच काळ लोटला, पण पिंपरी-चिंचवडच्या गल्ल्यांत तिला जिवापाड जपणारे हौशी अजून आहेत. डेंटिंग-पेंटिंगला गाडी टाकली की पहिला वाद या कव्हरवरून होतो. ग्लॉसी की मॅट? पावडर कोटिंग की स्प्रे? आणि त्यात एक सल्ला हमखास मिळतो: ‘काळा मॅट मारा, इंजिन गार राहतं.’

हा सल्ला ऐकायला शास्त्रीय वाटतो. काळी वस्तू उष्णता शोषते तशी बाहेरही चांगली टाकते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण तिथं ‘काळी’ म्हणजे डोळ्याला काळी, एवढाच अर्थ नाही. शंभर ते दीडशे अंश सेल्सिअस तापलेला धातू जी उष्णता किरणांच्या रूपात सोडतो, त्यांची तरंगलांबी 7-8 मायक्रॉनच्या आसपास असते. आपल्याला दिसणारा प्रकाश 0.4 ते 0.7 मायक्रॉनचा. त्या अवरक्त पट्ट्यात पांढरा, लाल, निळा, काळा असे बहुतेक सगळे रंग जवळजवळ सारखेच ‘काळे’ असतात. सगळ्यांची उत्सर्जकता, म्हणजे किरणांवाटे उष्णता सोडण्याची क्षमता, 0.9 च्या आसपास येते. वेगळा पडतो तो उघडा, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम. त्याची उत्सर्जकता 0.05 इतकी कमी. अ‍ॅल्युमिनियमची भुकटी घातलेला चंदेरी रंग या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी बसतो.

आता थोडा हिशेब. हजार चौरस सेंटिमीटरचा भाग शंभर अंशांवर आहे आणि भोवतालची हवा 35 अंश. रंगवलेला असेल तर तो किरणांवाटे सुमारे 50 वॅट उष्णता टाकतो, पॉलिश केलेला अ‍ॅल्युमिनियम जेमतेम 3 वॅट. फरक मोठा दिसतो खरा. पण सात-साडेसात अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण जोरात चालताना हजारो वॅट उष्णता वाया घालवत असतं. ती मुख्यतः सायलेन्सरमधून आणि फ्लायव्हीलवरच्या पंख्याच्या वाऱ्यानं जाते. शिवाय हा पत्रा सिलिंडरला चिकटलेलाही नसतो. रंगाच्या थरामुळे उष्णता कोंडते, ही भीतीही तितकीच पोकळ आहे. 70 मायक्रॉनच्या थरातून दर चौरस मीटरला हजार वॅट उष्णता गेली तरी थराच्या दोन बाजूंत अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही. काळ्या-पांढऱ्याचा फरक खरा जाणवतो तो मे महिन्यात गाडी उन्हात लावल्यावर, कारण सूर्याच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा दृश्य प्रकाशात असतो. तिथं काळा रंग उलट जास्त तापतो!

म्हणजे उष्णतेचा मुद्दा बाजूला ठेवायला हरकत नाही. कव्हरचे खरे शत्रू वेगळे आहेत: कार्बोरेटरजवळ ठिबकणारं पेट्रोल, ऑइलमिश्रित काजळी, पावसाळ्यातला चिखल आणि पार्किंगमधले ओरखडे.

पेट्रोलपाशी सगळे रंग सारखे नसतात. जुन्या पद्धतीचा एनसी रंग, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, नुसता थिनर उडून सुकतो. त्याच्या रेणूंमध्ये नवा बंध तयार होत नाही, त्यामुळे थिनर लागला की तो पुन्हा विरघळतो आणि पेट्रोलच्या थेंबांनीही त्याची चमक मरते. पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन, रंगात हार्डनर मिसळलेलं असतं. त्यातले आयसोसायनेट रेणू रेझिनशी जोडले जाऊन जाळं विणतात आणि ते जाळं पेट्रोलला सहजी दाद देत नाही. तुमच्या गाडीवर नेमकं काय मारलंय हे पाहायचं असेल, तर थिनरमध्ये भिजवलेलं फडकं आतल्या कडेला घासा. फडक्याला रंग आला, तर तो बहुधा एनसी किंवा नीट न पिकलेला रंग.

मग पावडर कोटिंगच का नको? भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात ते करून देणारे जागोजाग आहेत आणि नव्या पत्र्यासाठी त्याला तोड नाही. आधी ‘सेव्हन टँक’मध्ये ग्रीस आणि गंज काढून फॉस्फेटचे बारीक स्फटिक चढवायचे, म्हणजे रंगाला पकड मिळते. मग विद्युतभारित भुकटी फवारायची आणि 180 ते 200 अंशांच्या भट्टीत भाजायची. विचका होतो तो जुन्या कव्हरवर. चाळीस वर्षांत त्याला पोचे पडलेले असतात आणि ते पुट्टीनं, म्हणजे लांबीनं, भरलेले असतात. नेहमीची पॉलिएस्टर पुट्टी वीज वाहून नेत नाही, त्यामुळे तिथं भुकटी नीट बसत नाही. भट्टीत तर पुट्टी फुगते, तडकते. पोचे ठोकून शुद्ध पत्र्यावरच काढणारा कारागीर मिळाला तर पावडर जरूर करा. क्लच कव्हरसारख्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या भागांची अडचण निराळी. त्यांच्या छिद्रांत मुरलेलं ऑइल भट्टीत वायू होऊन बाहेर येतं आणि रंगावर टाचणीएवढे फोड उठतात. असे भाग पावडर मारण्याआधी एकदा रिकामेच तापवून घ्यावे लागतात.

परदेशी क्लासिक गाड्यांच्या इंजिन कव्हरांवर सुरकुत्यांचा ‘रिंकल’ रंग दिसतो. वरची साय आधी घट्ट होते, खालचा थर ओलाच असतो. साय फुगते आणि पसरायला जागा नसल्यानं दुमडते. ओतकामातले खडबडीत दोष झाकायला हा रंग उत्तम. आपल्याकडच्या वर्कशॉपमधल्या मशीनवर दिसतो तो हॅमरटोन. त्यात किंचित सिलिकॉन मिसळलेलं असतं, ते पृष्ठताण जागोजागी बदलतं आणि ठोकल्यासारखी नक्षी उमटते. हेच सिलिकॉन चुकून आलं तर मात्र घात होतो. कव्हरला पूर्वी सिलिकॉनचं पॉलिश फासलेलं असेल, तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. म्हणून घासण्याच्या आधी डीग्रीझरनं पुसून घ्यायचं. आधी घासलं तर सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं.

माझं मत स्पष्ट आहे. चेतकच्या कव्हरला इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर मूळ रंगातला ग्लॉसी पीयू. मॅटच्या खडबडीत पृष्ठभागात काजळी मुरते आणि तो पॉलिशही करता येत नाही, केला तर तेवढाच भाग चमकतो. नुसता इपॉक्सी वर ठेवू नका, उन्हानं त्याची पांढरी भुकटी होते. रंग बदलायचाच असेल, तर आरसी बुकात नोंद असते हे विसरू नका. शिवाय 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या दुचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते, आणि अगदी सुरुवातीच्या चेतक त्या वयात पोचल्या आहेत. पीयूचा स्प्रे सोसायटीच्या पार्किंगमध्ये मारू नका. आयसोसायनेटची वाफ दम्याला निमंत्रण देते, साधा कापडी मास्क तिला अडवत नाही. आणि इंजिन गारच ठेवायचं असेल, तर कव्हर काढलेलं आहे तोवर पंख्यात आणि सिलिंडरच्या पात्यांत साचलेली माती ब्रशनं साफ करून घ्या.