पोलादाच्या पोटातील वायू

वाफेच्या नळीवर बसवायचा व्हॉल्व्हचा ओतीव भाग लेथवर चढतो. बाहेरून त्यात नाव ठेवायला जागा नसते. पहिला दोन मिलिमीटरचा थर निघतो आणि चकचकीत धातूवर टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकांची रांग उघडी पडते. तोवर ओतकाम, साफसफाई, उष्णोपचार असा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. फाउंड्रीच्या भाषेत हे 'पिनहोल'. भोके मोठी असली तर 'ब्लो होल'. पावसाळा सुरू झाला की महाराष्ट्रातील अनेक ओतशाळांत ही तक्रार वाढते. हा योगायोग नव्हे.

अशा वेळी कारखान्यात पहिले उद्गार निघतात ते 'हवा राहिली' असे. साच्यात हवा अडकणे शक्य असते, पण बहुतेकदा दोषी असतात ते हायड्रोजन, नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड. वितळलेल्या लोखंडात हायड्रोजन वजनाने दहा लाखांत सुमारे २५ भाग विरघळू शकतो. धातू गोठताना ही क्षमता जवळजवळ एक तृतीयांशावर येते. नायट्रोजनची क्षमताही सुमारे ४५० भागांवरून १३० च्या आसपास उतरते. उरलेल्या वायूला बाहेर पडायचे असते, पण साच्याला टेकलेली कड आधीच गोठलेली असते. म्हणून बुडबुडा नेमका कातडीखाली अडकतो. कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट थोडी निराळी. तो विरघळलेला नसतो. पोलादातील कार्बन आणि प्राणवायू यांच्या संयोगातून तो गोठतानाच तयार होतो.

उपाय शोधण्यापूर्वी भोक नीट पाहावे लागते, आणि घाईत हेच राहून जाते. भिंत गुळगुळीत, आकार गोलसर असेल तर तो वायू. भिंत खडबडीत, आकार वेडावाकडा आणि जागा जाड भागाच्या मध्यावर असेल तर तो आकुंचनाचा दोष. तेथे वायूवरचे उपाय व्यर्थ, रायझर सुधारावा लागतो. पृष्ठभागाला काटकोनात शिरलेली, लांबट, भेगेसारखी छिद्रे नायट्रोजनकडे बोट दाखवतात. काळपट, गंजलेली भिंत म्हणजे भोक बाहेरच्या हवेशी जोडलेले होते.

भोके कोणत्या भागांत सापडली, याची नोंद तर त्याहून बोलकी. एका हीटमधील सगळेच भाग बिघडले असतील तर दोष धातूत. एकाच पॅटर्नचे भाग बिघडले तर संशय साच्यावर किंवा कोअरवर. लेडलमधून ओतलेले पहिले काही साचेच खराब निघाले तर लेडलच्या नव्या लेपात ओल राहिली असावी. शेवटचे निघाले तर ॲल्युमिनियमचा असर ओतेपर्यंत उतरलेला असतो. अनुभवी कारागीर ओतल्यानंतर रायझरच्या तोंडाकडे पाहतो. पोलाद शांतपणे खचत गेले तर ठीक; ते फुगून वर आले तर धातूत वायू आहे, हे एक्स-रेशिवाय कळते.

आता पावसाळ्याकडे. ओल स्क्रॅपमध्ये असते, फेरोॲलॉयच्या पोत्यात असते, हवेतील बाष्प शोषणाऱ्या चुन्यात असते. सुमारे १६०० अंश सेल्सिअसच्या पोलादाला पाणी भेटले की त्याचे विघटन होते: प्राणवायू धातूला चिकटतो, हायड्रोजन आत शिरतो. म्हणजे एकाच ओलीतून दोन वायूंची सोय. त्यामुळे लेडल लाल होईपर्यंत तापवणे, फेरोॲलॉय भाजून घेणे, गंजलेले आणि तेलकट स्क्रॅप बाजूला काढणे ही कामे या दिवसांत टाळता येत नाहीत. ओल्या वाळूचा साचा असेल तर पाण्याचे प्रमाण रोज मोजावे लागते आणि वायू बाहेर जाण्यासाठी साच्याला पुरेशी छिद्रे द्यावी लागतात. रेझिनने बांधलेली वाळू पुन:पुन्हा वापरली तर तिच्यात नायट्रोजन साठत जातो. तेथे कमी नायट्रोजनचे रेझिन आणि नव्या वाळूची भर हाच इलाज.

आर्क भट्टीत एक सोय असते. तेथे प्राणवायू फुंकून पोलादाला उकळी आणतात आणि वर येणारे कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे हायड्रोजन व नायट्रोजनही ओढून नेतात. साच्यात शत्रू ठरणारा वायू भट्टीत असा कामाला येतो. लहान ओतशाळांतील इंडक्शन भट्टीत सहसा ही उकळी नसते, म्हणून आत जाणारा मालच कोरडा आणि स्वच्छ हवा.

ॲल्युमिनियमबाबत मात्र हात आवरावा लागतो. पोलादातील प्राणवायू बांधून टाकण्यासाठी ते घालतात. तयार भागात ०.०३ ते ०.०५ टक्के उरले की बहुधा पुरते. भोके दिसली की दुप्पट घालण्याची सवय अनेकांना असते. जादा ॲल्युमिनियम नायट्रोजनशी संयोग पावून जाड भागांत कणांच्या सीमांवर बसते आणि पोलाद ठिसूळ होते. भोक बुजते, पण भाग आघाताने तुटू शकतो.

उघडे पडलेले भोक वेल्डिंगने भरून भाग पुढे पाठवण्याचा मोहही मोठा. खरेदीदाराच्या अटींत बसणारी दुरुस्ती गैर नव्हे. परंतु छिद्रांची साखळी कातडीखाली पुढे गेलेली असेल आणि वरचेच तोंड बुजवले असेल, तर पाण्याच्या दाबाची चाचणी त्या दिवशी पार पडते आणि गळती सुरू होते ती व्हॉल्व्ह वाफेच्या नळीवर बसल्यानंतर. म्हणून वेल्डिंगपूर्वी दोष निरोगी धातू लागेपर्यंत खणून काढतात आणि महत्त्वाच्या भागांचा एक्स-रे पुन्हा घेतात.