गटारातला किडा आजारी का पडत नाही?

तुमच्या घरी कधी युरिन कल्चरचा रिपोर्ट आला आहे का? वर जंतूचं नाव, खाली औषधांची यादी आणि प्रत्येक औषधापुढे 'एस' किंवा 'आर'. एस म्हणजे हे औषध लागू पडेल. आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. दिवाळीनंतर चेन्नईला गेले होते तेव्हा माझ्या आत्याचा रिपोर्ट मीच वाचून दाखवला. एका खाली एक आर, आर, आर. एस फक्त दोन ठिकाणी, आणि ती दोन्ही इंजेक्शनं.

आत्या जॉर्ज टाउनमध्ये राहते. मामांचं साहुकारपेठेत गलाईचं दुकान आहे. विटा-खानापूरकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली, त्यातलेच हे. इथे गल्लीगणिक धंदा ठरलेला: गोडाऊन स्ट्रीटवर कापड, अँडरसन स्ट्रीटवर कागद, एनएससी बोस रोडवर दागिने, नैनियप्पा नायकन स्ट्रीटवर औषधं आणि केमिकल. औषधांचा घाऊक बाजार हाकेच्या अंतरावर, आणि आत्याला लागू पडेल अशी साधी गोळी मात्र नाही!

त्या रात्री मोरीतून एक झुरळ आलं. नेहमीसारखं मी किंचाळले. मग मनात आलं, हे जन्मभर घाणीत फिरतं, याला का नाही इन्फेक्शन होत?

रक्तातलं हत्यार

होतं, पण त्याच्याकडे उपाय असतो. कीटकांच्या शरीरात आपल्यासारख्या अँटिबॉडी तयार होत नाहीत. त्यांचं रक्त लालही नसतं, ते पाणीदार, फिकट असतं. पण जंतू शिरले की काही तासांत त्या रक्तात छोटी प्रथिनं उतरतात आणि जंतूंच्या आवरणाला भोकं पाडतात. स्वीडनच्या हान्स बोमन यांनी एका मोठ्या पतंगाच्या कोशात मुद्दाम जंतू टोचले आणि त्याच्या रक्तातून असं प्रथिन वेगळं काढलं. 1981 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. नाव सेक्रोपिन. पुढे फळमाशीत ही यंत्रणा कशी जागी होते ते शोधणाऱ्या ज्यूल्स हॉफमन यांना 2011 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

ही तपासणी कशी करतात हे वाचताना मला गंमत वाटली. अळीला जंतूत बुडवलेली सुई टोचायची. साधारण एक दिवसाने तिला बारीक छेद देऊन रक्ताचे थेंब गोळा करायचे, तेही बर्फावर ठेवून, कारण चिरलेलं वांगं काळं पडतं तसंच हे रक्त हवेत काळं पडतं. मग काचेच्या ताटलीत जेलीवर जंतूंचा थर पसरून त्यावर रक्तात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची आणि ताटली रात्रभर 37 अंशांवर ठेवायची. सकाळी टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसला, तर तिथे जंतू वाढले नाहीत. तो गोल मिलिमीटरमध्ये मोजतात. शेजारी सुई न टोचलेल्या अळीचं रक्त, नुसतं मिठाचं पाणी आणि ओळखीच्या अँटिबायोटिकची टिकलीही हवी, नाहीतर गोल कशामुळे पडला ते कळणार कसं?

आता आत्याचा रिपोर्ट आठवा. तिच्या लघवीतल्या जंतूंवर पुष्कळ लॅबमध्ये हेच करतात, फक्त टिकल्या औषधांच्या असतात. आर म्हणजे टिकलीभोवती पुरेसा गोल पडलाच नाही.

मग गोळी का नाही?

2010 मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठात झुरळाच्या मेंदूतल्या अर्काने एमआरएसए नावाचा चिवट जंतू मारून दाखवला. (रक्त नव्हे, मेंदू! म्हणून व्हॉट्सअॅपवर झुरळाचा काढा आला तर कृपया पुढे पाठवू नका.) पण ताटलीतला गोल म्हणजे औषध नव्हे. ही प्रथिनं आपल्या पोटात पचून जातात, रक्तात टिकत नाहीत आणि काही तर आपल्याच लाल पेशी फोडतात. सेक्रोपिन सापडून चाळीसहून अधिक वर्षं झाली, तरी त्याची गोळी दुकानात मिळत नाही.

जंतू मात्र थांबलेले नाहीत. 2010 मध्येच मद्रास विद्यापीठाचे कार्तिकेयन कुमारसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात एनडीएम-1 या जनुकाबद्दल लिहिलं. हे जनुक असलेल्या जंतूंवर बहुतेक मोठी औषधंही चालत नाहीत. त्यांना असे 44 नमुने एकट्या चेन्नईत मिळाले होते.

आत्याला विचारलं तर म्हणाली, "दरवेळी जळजळ झाली की मामा मागच्याच गोळ्या आणायचे. दोन दिवसांत बरं वाटायचं, मग उरलेल्या डब्यात." त्या डब्यातल्या प्रत्येक पट्टीवर उभी लाल रेघ होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशा औषधाची ती खूण, आपण सगळेच ती नक्षी समजतो. मामा सोनं कसोटीवर घासल्याशिवाय हातात घेत नाहीत, पण गोळ्यांच्या बाबतीत कल्चर करायचं त्यांना कधी सुचलं नाही. मला तरी कुठे सुचलं असतं!

इंजेक्शनं सात दिवस चालली. रोज सकाळी रिक्षाने जायचं, हाताला सुई तशीच ठेवून परत यायचं आणि डाव्या हाताने पोळ्या लाटायच्या. नंतरच्या कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत. पहिला रिपोर्ट तिने रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवला आहे. पुन्हा ताप आला तर आधी तो दाखवायचा, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि तो डबा मामांनी स्वतः रिकामा केला.