कचरा कुजतो, शिसे कुजत नाही

मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. शाळांच्या सहली तिथे जातात, मुले झाडे-फुलपाखरे पाहतात. त्यांच्या पायांखाली मात्र शहराचा कचरा आहे! १९७७ पर्यंत ही कचरा टाकण्याची जागा होती. पुढे त्यावर माती पसरली, १९८३ मध्ये डॉ. सलीम अलींच्या हस्ते पहिले रोप लागले आणि १९९४ मध्ये उद्यान खुले झाले.

गाडलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू तो कुजवतात. मिथेन निघतो, ढीग खचतो, खालून काळे पाणी झिरपते. वर्षे जातात तसे हे सारे मंदावते. इथे काळ आपल्या बाजूने असतो.

आता जालन्याकडे वळू. भंगार वितळवून सळ्या बनवणारे कारखाने इथे बरेच. जस्ताचा मुलामा, जुना रंग यांसकट भंगार भट्टीत गेले की धुरळ्यात जस्त आणि शिसे उतरते. समजा, असा धुरळा वर्षानुवर्षे टाकलेली जागा शाळेच्या मैदानासाठी मिळाली. झाडे लावून दहा वर्षे थांबायचे का? आमच्या मते फसगत होते ती इथेच. शिसे मूलद्रव्य आहे; जिवाणू त्याचे विघटन करूच शकत नाहीत. मुले मातीत खेळतात, तीच बोटे तोंडात घालतात आणि शिशाचा घाला वाढत्या मेंदूवर पडतो.

मग जागा झाकायची? अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातल्या 'लव्ह कॅनॉल' इथे रसायने पुरून वर चिकणमातीचे झाकण घातले होते. १९५३ मध्ये ती जमीन शिक्षण मंडळाला एका डॉलरला मिळाली. शाळा, घरे झाली, बांधकामात झाकण फुटले आणि १९७८ मध्ये शाळा बंद करून कुटुंबे हलवावी लागली.

आपली काळी माती अल्कधर्मी, चिकण. शिसे ती घट्ट धरून ठेवते. पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून झाकण म्हणून ती एकटी कुचकामी. वरचा दूषित थर खरवडून घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणी पाठवावा, किंवा जाड प्लास्टिकचा पडदा, मुरूम आणि माती असे थर द्यावेत. आणि तिथे पुन्हा खणू नये, अशी नोंद कागदोपत्री राहावी.

आधी माती तपासायला हवी, हे ओघानेच आले. शेतकऱ्याच्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, अगदी जस्तही असते, शिसे नसते. तेव्हा नमुना देताना शिसे आणि कॅडमियम स्वतंत्रपणे मोजून मागावे. आणि नमुना मुले खेळतात त्या वरच्या चार बोटे मातीचाही घ्यावा.