अणुभट्टीवर पहारा कोणाचा?

पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे समुद्रकिनारी चार अणुभट्ट्या उभ्या आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन अमेरिकेच्या साहाय्याने बांधलेल्या असून १९६९ साली त्यांची वीज मिळू लागली. त्यांतील इंधनाचा हिशेब व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तपासतात. तिसरी व चौथी भट्टी भारतीय बनावटीची. अणुकराराच्या निमित्ताने २००६ साली भारताने नागरी आणि लष्करी विभागणी केली, तेव्हा या दोन्ही भट्ट्या तपासणीबाहेर राहिल्या. गाव एक, किनारा एक, नियम मात्र दोन.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. हे निरीक्षक भट्टी सुरक्षित आहे की नाही, हे पाहावयास येतच नाहीत. इंधन गुपचूप अण्वस्त्रांकडे वळविले जात नाही ना, एवढेच ते पाहतात. कॅमेरे, मोहोरबंद कुलपे, नोंदवह्या ही त्यांची साधने. भट्टीतून किरणोत्सर्ग बाहेर पडू नये ही काळजी सर्वस्वी त्या त्या देशावर सोपविलेली आहे. आंतरराष्ट्रीय देखरेखीतील खरी उणीव आमच्या मते हीच आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५३ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांपुढे शांततेसाठी अणुशक्तीची कल्पना मांडली आणि तीतून १९५७ साली ही संस्था जन्मास आली. अणुऊर्जेचा प्रसार करावयाचा आणि तिच्यावर नजरही ठेवावयाची, अशी दोन कामे तिच्याकडे आली. व्हॅटिकनचे धर्मपीठ तिच्या संस्थापक सभासदांपैकी एक आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

हिशेबतपासणीचे काम काळानुसार कडक होत गेले. १९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकचा छुपा अण्वस्त्र कार्यक्रम उघडकीस आला. निरीक्षक घोषित जागा तपासत होते आणि खरा उद्योग अन्यत्र चालू होता. म्हणून १९९७ साली एक अतिरिक्त करारनामा तयार झाला. त्यान्वये अघोषित ठिकाणीही जाता येते, तेथील धूळमातीचे नमुने घेता येतात. १४० हून अधिक देशांत तो लागू आहे. ज्याच्याकडे एकही अणुभट्टी नाही त्या व्हॅटिकननेही १९९८ साली त्यावर सही केली. भारतात त्याचे मर्यादित रूप २०१४ पासून लागू झाले.

सुरक्षिततेची कथा वेगळी आहे. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची भट्टी फुटली. सोव्हिएत सरकार गप्प होते. दोन दिवसांनी स्वीडनमधील एका अणुकेंद्रात किरणोत्सर्ग आढळला, तेव्हा जगाला सुगावा लागला. त्याच वर्षी अपघाताची खबर तत्काळ देण्याचा करार झाला. पुढे १९९४ साली अणुसुरक्षेचा करार आला. पण त्यात प्रत्येक देशाने आपला अहवाल आपणच लिहावयाचा आणि दर तीन वर्षांनी इतरांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची, एवढेच बंधन आहे. निरीक्षक नाहीत, दंड नाही. विद्यार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासण्यासारखा हा प्रकार म्हणावा लागेल.

२०११ च्या मार्च महिन्यात जपानमध्ये फुकुशिमाचा अपघात घडला. संस्थेचे तत्कालीन महासंचालक युकिया अमानो स्वतः जपानी. जगातील दर दहा भट्ट्यांपैकी एकीची तीन वर्षांत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी, असे त्यांनी त्या जूनमध्ये सुचविले. सप्टेंबरात कृती आराखडा संमत झाला तेव्हा ही तपासणी ऐच्छिकच राहिली. पुढे स्वित्झर्लंडने करारातच दुरुस्ती सुचविली. २०१५ च्या फेब्रुवारीत व्हिएन्नात परिषद भरली. दुरुस्ती झाली नाही, बंधनकारक नसलेले एक घोषणापत्र तेवढे निघाले.

युक्रेनमधील झापोरिझ्झिया हे युरोपातील सर्वांत मोठे अणुकेंद्र २०२२ च्या मार्चमध्ये रशियन सैन्याच्या ताब्यात गेले. सप्टेंबरपासून संस्थेचे तज्ज्ञ तेथे आळीपाळीने राहू लागले, जिवावर उदार होऊन. त्यांनी पाहिले ते जगाला सांगितले, हे मोलाचे कार्य खरेच. आज्ञा देण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता.

सक्तीच्या तपासणीला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा आम्हांस दुर्लक्षणीय वाटत नाही. बाहेरच्या संस्थेने प्रमाणपत्र दिले की देशातील जबाबदार अधिकारी सुस्त होतील, असे ते म्हणतात. परंतु त्यावर उपाय तपासणी टाळणे हा नव्हे. देशातील नियामकही तितकाच स्वतंत्र हवा. भारताचे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून सरकारी आदेशावर चालत होते. महालेखापरीक्षकांनी २०१२ साली त्यावर बोट ठेवले, तर २०१५ साली भारताच्याच निमंत्रणावरून आलेल्या आंतरराष्ट्रीय पथकाने मंडळाचे स्वातंत्र्य कायद्याने पक्के करावे अशी शिफारस केली. संसदेने मंडळास कायद्याचे अधिष्ठान दिले ते २०२५ च्या डिसेंबरात. शिफारशीची सक्ती नव्हती, म्हणून दहा वर्षे लागली असे आम्ही समजतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी टोकियोत फुकुशिमाच्या आपद्‌ग्रस्तांची भेट घेतली. परतीच्या विमानप्रवासात, पूर्ण सुरक्षितता लाभेपर्यंत आपण अणुऊर्जा वापरणार नाही, असे आपले वैयक्तिक मत त्यांनी पत्रकारांना सांगितले. तारापूरची वीज वापरणाऱ्या आम्हांस एवढे ठाम होता येत नाही. मात्र तज्ज्ञांची तपासणी सक्तीची व्हावी आणि तिचा अहवाल लोकांना वाचावयास मिळावा, ही मागणी आपणही करू शकतो. संस्थेची सर्वसाधारण परिषद दर वर्षी सप्टेंबरात व्हिएन्नात भरते, आणि सभासद या नात्याने व्हॅटिकनलाही तेथे आपले म्हणणे मांडता येते.