चित्र चुकते तेव्हा: टिक्झमधले दोष कसे शोधावेत

मागच्या व्याख्यानानंतर एकाने विचारले, तत्त्वज्ञानाच्या माणसाला संगणकावर आकृत्या काढायची काय गरज? प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले आणि तर्कशास्त्राला फळा लागतोच. निवृत्तीनंतर फळा सुटला. टिपणे नीट छापावीत म्हणून लाटेक शिकलो आणि आकृत्यांसाठी टिक्झ.

थोडी पार्श्वभूमी. डोनाल्ड क्नुथ यांना आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पसंत पडली नाहीत, म्हणून १९७७ साली त्यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक उभारले. टिक्झ हे टिल टांटाऊ यांचे काम. त्या नावाचा जर्मन विस्तार असा, की ‘टिक्झ हा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम नव्हे’. गंमत वाटेल, पण सगळी मेख तिथेच आहे. इथे आपण हाताने रेघ ओढत नाही, रेघेचे वर्णन लिहितो. म्हणून इथली चूक बहुतेक वेळा हाताची नसते, वाक्याची असते.

आता पहिला प्रकार. यंत्र अडते आणि तक्रार करते. टिक्झमधली प्रत्येक आज्ञा अर्धविरामाने संपते. समजा, अकराव्या ओळीच्या शेवटी तो राहिला. यंत्राला वाटते, वाक्य अजून चालूच आहे. ते बारावी ओळ त्याच वाक्यात वाचू लागते, तिथे अडखळते आणि म्हणते, ‘गिव्हिंग अप ऑन धिस पाथ’. बोट बाराव्या ओळीवर! नवखा माणूस बारावी ओळ दहादा तपासतो. तिच्यात काही दोषच नसतो. तेव्हा हे लक्षात ठेवा, की तक्रारीतला ओळ क्रमांक ‘इथे चुकले’ असे सांगत नाही, ‘इथे माझ्या लक्षात आले’ एवढेच सांगतो. आपले नैयायिक धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. धुरावर कोणी पाणी ओतत नाही.

‘नो शेप नेम्ड’ अशी तक्रार आली, तर आपण ज्या चौकटीपर्यंत बाण नेतो आहोत ती यंत्राला माहीत नाही. बहुधा नावाचे स्पेलिंग चुकलेले असते, किंवा एकीकडे कॅपिटल अक्षर आणि दुसरीकडे लहान. नाहीतर बाण आधी लिहिला आणि चौकट नंतर. बाणाचे ‘स्टेल्थ’ टोक मागितले आणि ‘अननोन अ‍ॅरो टिप काइंड’ असे उत्तर आले, तर शब्द बरोबर असतो, पण ‘अ‍ॅरोज डॉट मेटा’ ही लायब्ररी सुरुवातीला बोलावलेली नसते.

‘डायमेन्शन टू लार्ज’ या तक्रारीने पुष्कळ जण घाबरतात. टेकला १६,३८४ पॉइंटांच्या पुढचे माप मोजता येत नाही, म्हणजे सुमारे पावणेसहा मीटर. पानावर एवढी लांबी लागते कुठे, असे तुम्ही म्हणाल. बरोबर, पण टिक्झची आतली आकडेमोडही याच मापांत चालते. घातांकी वक्र शून्यापासून दहापर्यंत काढायला सांगा. ‘ई’चा दहावा घात बावीस हजारांच्या पुढे जातो आणि यंत्र हात टेकते. वक्र पानाबाहेर कापून टाकणार असलात तरी फरक पडत नाही, कारण आधी तो मोजावा लागतो. उपाय सोपा आहे: वक्राची मर्यादा आधीच आवळा.

दुसरा प्रकार अधिक धोक्याचा. यंत्र काहीच बोलत नाही, पण चित्र चूक येते. साइनचा वक्र शून्य ते ६.२८ काढला आणि जवळजवळ सपाट रेघ आली. का? टिक्झ कोन अंशांत मोजते, आपण रेडियन दिले. एक्सचा वर्ग काढला आणि डावी बाजू खाली गेली. का? उणे दोनचा वर्ग करताना यंत्राने आधी दोनचा वर्ग केला आणि मग उणे चिन्ह लावले. एक्सला कंसात ठेवा, वक्र सरळ होतो. आपल्या मराठीपुरते बोलायचे, तर फाँटात देवनागरी नसली की आकृतीतली नावे गायब होतात. त्याची नोंद लॉग फाइलमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’ म्हणून असते. पण ती फाइल उघडतो कोण?

आमचीच गोष्ट सांगतो. विधानांच्या विरोधाचा चौकोन काढला होता. वर ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ आणि ‘एकही माणूस मर्त्य नाही’. खाली ‘काही मर्त्य आहेत’ आणि ‘काही मर्त्य नाहीत’. कर्णाच्या दोन टोकांना व्याघात असतो, म्हणजे एक खरे तर दुसरे खोटेच. खालच्या दोन चौकटींतला मजकूर आमच्याकडून उलटसुलट झाला. यंत्राने हूं की चूं केले नाही. चित्र सुबक आले, प्रती वाटल्या. आठवड्याने एक मुलगी म्हणाली, “सर, सर्व माणसे मर्त्य असतील, तर काही माणसे मर्त्य आहेत हे खोटे कसे?” आम्ही कागद पाहिला आणि गप्प झालो. बाकीच्यांनी तोच चौकोन पाठ केला होता. सुबक छापलेले खरेच असणार, असे त्यांना वाटले. खरे सांगायचे तर आम्हालाही वाटले होते.

तेव्हापासून आम्ही एक क्रम पाळतो. अनेक तक्रारी आल्या, तर फक्त पहिली सोडवायची. बाकीच्या बहुधा तिचीच पिल्ले असतात. दोष सापडेना, तर फाइलची प्रत करून अर्धे चित्र काढून टाकायचे. दोष गेला, तर तो काढलेल्या भागाशी जोडलेला. राहिला, तर उरलेल्यात. असे निम्मे निम्मे करत गेले की चार-पाच ओळी उरतात. हा आपला जुना अन्वय-व्यतिरेकच. एका आकृतीतून दुसरीकडे बाण न्यायचा असेल, तर फाइल दोनदा चालवायची, कारण जागांची नोंद पहिल्या फेरीत होते. आणि शेवटी, चित्र आले तरी थांबायचे नाही. कागदावरच्या कच्च्या आकृतीशी एकेक नाव, एकेक बाण ताडून पाहायचा.

वाक्य शुद्ध आहे का, एवढेच यंत्र तपासते. ते खरे आहे का, हे आपल्यालाच पाहावे लागते. त्या मुलीने ते पाहिले.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.