कोंबड्यांचा सौम्य फ्ल्यू मारक कसा होतो?

बर्ड फ्ल्यूचा विषाणू आपल्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाच्या साहाय्याने कोंबडीच्या पेशीत शिरतो. हे प्रथिन पक्ष्याच्या शरीरातील विकराने एका ठरावीक जागी छेदले गेल्याखेरीज कामास येत नाही. सौम्य विषाणूस छेदणारी विकरे मुख्यत्वे श्वासमार्गात व आतड्यांत असतात. त्यामुळे रोग तेथेच अडतो. अंडी घटतात, क्वचित एखादा पक्षी मरतो. परंतु ‘एच-५’ व ‘एच-७’ या प्रकारांचे विषाणू कोंबड्यांत फिरत असता कधीकधी छेदस्थानी काही अमिनो आम्ले अधिक जोडली जातात. मग जवळजवळ सर्व पेशींत आढळणारे फ्युरिन हे विकरही त्यास छेदते. मेंदू, हृदय सारेच रोगग्रस्त होते व दोन-तीन दिवसांत खुराडे ओस पडते.

१९८३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एप्रिलमध्ये सौम्य असलेला विषाणू ऑक्टोबरात मारक झाला. तेथे छेदस्थान झाकणारी शर्करेची एक साखळी गळाली होती. बदल एवढाच!

नवापुरास २००६ साली आलेला विषाणू मारकच होता. तरी प्रारंभी मरतूक राणीखेतची समजली गेली. यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी थोडी मरतूकही त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावी. मेलेल्या पक्ष्यांस उघड्या हातांनी शिवू नये.